उष्ण उपबटू तारे आणि त्यांचे जोडीदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि शाळांच्या मैदानांवर मी दुर्बीण लावून उभा राहतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. शनीची कडी बघून लोक घरी जातात. रांगेच्या शेवटी जे चार-पाच जण रेंगाळतात, त्यांना मी माझ्या आवडत्या ताऱ्यांबद्दल सांगत बसतो. हे तारे दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे दाखवण्यासारखं काही नसतं आणि बोलणंच जास्त होतं. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. क्रम आठवेल तसा आहे.

‘उपबटू’ हे काय नाव? बटूंच्या हाताखाली आणखी एक पद काढलं का, उपसरपंचासारखं?

जवळपास तसंच. ताऱ्यांचं तापमान आडव्या अक्षावर आणि तेज उभ्या अक्षावर मांडलं की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात बसतात. त्याला मुख्य क्रम म्हणतात. या भाषेत आपला सूर्यसुद्धा बटूच. मुख्य क्रमावरचा २८-३० हजार अंश तापमानाचा निळा तारा सूर्याच्या हजारो पट तेजस्वी असतो. आपले हे तारे तितकेच तापलेले, तितकेच निळे, पण तेज सूर्याच्या जेमतेम वीसेक पट. म्हणजे आलेखात ते पट्ट्याच्या बरेच खाली पडतात, म्हणून ‘उप’. नाव आलेखातल्या जागेवरून पडलं. ताऱ्याचा स्वभाव त्यातून कळत नाही आणि याची मला नेहमी चुटपुट लागते. ‘सोललेला तारा’ म्हटलं असतं तर निम्मे प्रश्न आलेच नसते.

अंगकाठी सांगायची तर वस्तुमान सूर्याच्या निम्म्याला थोडं कमी, बहुधा ०.४७ सूर्यवस्तुमानाच्या आसपास. त्रिज्या सूर्याच्या एक दशांश ते तीन दशांश. पृष्ठभागाचं तापमान साधारण २० ते ४० हजार केल्विन, आणि ‘ओ’ वर्गातल्या उपबटूंचं त्याहूनही जास्त. (ताऱ्यांचे वर्ग वर्णपटावरून पाडतात; ‘ओ’ सर्वांत तापलेला, त्याच्या खालोखाल ‘बी’.) पृष्ठभागावरचं गुरुत्व सूर्याच्या दहा-पंधरा पट.

सोललेला म्हणजे? साल कुणी काढली?

सगळी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सूर्यासारखा तारा आयुष्यभर गाभ्यात हायड्रोजन जाळतो. तो संपला की गाभा आक्रसतो आणि बाहेरचं आवरण सुजत जातं. तारा तांबडा राक्षसी होतो, सूर्याच्या शंभर-दीडशे पट फुगतो. आत हेलियमचा गाभा वाढत असतो. तो ०.४७ सूर्यवस्तुमानाच्या आसपास पोचला की हेलियम पेटतं. सर्वसाधारण तारा हे सगळं जाडजूड हायड्रोजनची गोधडी अंगावर घेऊन करतो. बाहेरून बघणाऱ्याला गाभा कधी दिसतच नाही.

उष्ण उपबटूच्या बाबतीत हेलियम पेटण्याच्या सुमारास ही गोधडी जवळजवळ पूर्ण ओढून काढलेली असते. जे उरतं ते सूर्याच्या वस्तुमानाच्या दोन टक्क्यांहूनही कमी, बऱ्याचदा त्याच्याही कितीतरी कमी. आपण जो पृष्ठभाग म्हणून बघतो तो राक्षसी ताऱ्याचा उघडा पडलेला गाभा असतो. नारळ सोलल्यावर करवंटी दिसावी तसा.

आता यातली गोम बघा. लवकर सोललं तर गाभा पुरेसा वाढलेला नसतो, मग हेलियम पेटतच नाही आणि नुसताच विझत जाणारा श्वेतबटू हाती येतो. उशीर झाला तर नेहमीचा हेलियम जाळणारा तारा, गोधडीसकट. सोलणं नेमक्या वेळी व्हावं लागतं. एकटा तारा वाऱ्यातून थोडंफार वस्तुमान फेकतो, पण इतकं आणि इतक्या मोक्याच्या क्षणी फेकणं त्याला सहसा जमत नाही. त्यासाठी शेजारी कुणीतरी लागतं.

मग जोडीदार साल काढतो तरी कसा?

दोन रीती.

जोडीदार पुरेसा वजनदार आणि दूर असेल तर फुगलेल्या ताऱ्याचं आवरण हळूहळू त्याच्याकडे ओघळत जातं. शिस्तीत, गडबड नाही. शेवटी उपबटू आणि सूर्यासारखा जोडीदार एकमेकांभोवती मोठ्या कक्षेत फिरत राहतात, एका फेरीला दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त. या जोड्यांच्या कक्षा मोजायला निरीक्षकांना वर्षानुवर्षं चिकाटी धरावी लागली आणि पहिल्या नेमक्या कक्षा २०१२ च्या सुमारास हाती आल्या. एवढ्या देवाणघेवाणीनंतर कक्षा गोल व्हायला हवी होती. पण त्यांतल्या बऱ्याच लंबवर्तुळाकार निघाल्या. ते का, यावर अजून वाद चालू आहेत.

दुसरी रीत जास्त रांगडी. जोडीदार हलका असेल तर ओघळणारं आवरण त्याला पेलवत नाही. आवरण दोघांनाही गिळतं. आता एका फुगलेल्या वायूच्या गोळ्यात राक्षसाचा गाभा आणि छोटा जोडीदार असे दोघे गरगरत असतात. याला सामाईक आवरण म्हणतात. पोलिश खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. ताक घुसळताना रवीला लागणारा जोर आठवा. जोडीदार ही रवी. घुसळताना तिची ऊर्जा आवरणात जाते, आवरण तापून उधळलं जातं आणि जोडीदार मात्र आत आत घसरत गाभ्याच्या अगदी जवळ येऊन ठेपतो. आधी वर्षाची असलेली फेरी आता काही तासांची होते. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हे सगळं डोळ्याची पापणी लवते तितक्यात उरकतं, म्हणून प्रत्यक्ष घडताना पकडणं फार अवघड. आपल्या हाती येतं ते नंतरचं दृश्य : ताक झालेलं, लोणी वर आलेलं, रवी तळाशी.

म्हणजे प्रत्येक उष्ण उपबटूला जोडीदार असतोच?

नसतो, आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

२००१ साली मॅक्स्टेड आणि सहकाऱ्यांनी वर्णपट तपासून दाखवलं की ‘बी’ वर्गाच्या उपबटूंपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास तारे जवळच्या जोडीदारासह फिरतात. पुढच्या मोजण्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ आलं. काहींचे जोडीदार दूरचे. तरीही एक मोठा गट उरतो, ज्यात कितीही शोधा, शेजारी कुणी नाही.

मग हे एकटे कसे सोलले गेले? सर्वांत पटणारं उत्तर असं की तेही एकेकाळी दोघे होते. दोन हेलियम श्वेतबटू गुरुत्व लहरींतून, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांतून, ऊर्जा गमावत जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्या ढिगात हेलियम पेटतं. एकटा दिसणारा तारा म्हणजे दोघांचा मिळून झालेला एक. अशा काही ‘ओ’ उपबटूंवर लाखो गाउसचं चुंबकीय क्षेत्र सापडलं आहे आणि विलीनीकरणाच्या धांदलीत असं क्षेत्र तयार होऊ शकतं. २०२० मध्ये इंग्रिड पेलिसोली आणि सहकाऱ्यांनी दूरवरच्या सोबत्यांचा हिशेब मांडून असा निष्कर्ष काढला की उष्ण उपबटू व्हायला दुसऱ्या ताऱ्याची ढवळाढवळ लागतेच.

माझंही मत त्याच बाजूचं. पण एक अडचण मी लपवत नाही. गोलाकार तारकागुच्छांत, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दाट गोळ्यांतही, असे तारे भरपूर दिसतात. २००६ साली एनजीसी ६७५२ या गुच्छात बघितलं, तेव्हा जवळच्या जोड्या अगदीच कमी सापडल्या. तिथल्या काही ताऱ्यांत जन्मतःच हेलियमचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे वेगळी वाट शक्य असावी. तेव्हा ‘दुसऱ्याशिवाय नाहीच’ हे आकाशगंगेच्या मोकळ्या मैदानापुरतं म्हणा. गुच्छातल्या गर्दीचे नियम वेगळे.

जोडीदार कसले कसले असतात?

जवळच्या जोड्यांमध्ये मुख्यतः तीन जाती. श्वेतबटू, म्हणजे ज्याचं स्वतःचं आयुष्य आधीच संपलं आहे असा. तांबडा बटू, म्हणजे सूर्याच्या दशांश-दोन दशांश वस्तुमानाचा मंद तारा. आणि तिसरा, ज्याने सगळ्यांना चकित केलं तो, तपकिरी बटू. तपकिरी बटू हा धड ताराही नाही, त्याच्या गाभ्यात हायड्रोजन नीट पेटलेलाच नसतो. २०११ मध्ये एसडीएसएस जे०८२०+०००८ या जोडीत गुरूच्या सुमारे ४७ ते ७१ पट वस्तुमानाचा असा सोबती सापडला. फेरी २.३ तासांची. एवढुशा गोळ्याने राक्षसी ताऱ्याचं अख्खं आवरण उधळून लावलं आणि स्वतः शाबूत राहिला. याहून लहान कुणाला हे जमतं का, कुठे तो स्वतःच वितळून जातो, ही सीमारेषा अजून पक्की झालेली नाही.

न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जोडीला असलेले उपबटू शोधायला खास मोहिमा झाल्या. निर्विवाद असं एकही उदाहरण मिळालं नाही. एक संशयित आहे, त्याच्याबद्दल शेवटी.

काही तासांत फेरी म्हणता. किती जवळ असतात हो हे?

कन्या राशीतली एचडब्ल्यू व्हर्जिनिस ही जोडी घेऊ. १९८६ मध्ये मेन्झिस आणि मरांग यांनी दक्षिण आफ्रिकेतून तिची ग्रहणं शोधली. फेरी २ तास ४८ मिनिटांची. पुण्याहून शिवनेरीला गाडीने जाऊन पोचायला लागतात तेवढ्यात एक वर्ष संपलं.

घरातली दोन फूट व्यासाची परात घ्या. ती सूर्य. या मापात उपबटू म्हणजे एक मोठं डाळिंब आणि त्याचा तांबडा जोडीदारही जवळजवळ तेवढंच डाळिंब. दोघांच्या मध्यांमधलं अंतर वीतभरापेक्षा किंचित जास्त. दोन्ही डाळिंबं परातीच्या काठाच्या आत एकमेकांभोवती फिरतात! अख्खी जोडी सूर्याच्या पोटात मावेल. आकार सारखा असला तरी वजनात फरक मोठा. उपबटू ०.४८ सूर्यवस्तुमानाचा आणि जोडीदार फक्त ०.१४. त्यामुळे जड गडी थोडासा डुलतो आणि हलका गडी जोरात धावतो. डुलणाऱ्याचा वेगसुद्धा सेकंदाला ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबई दोन सेकंदांत, घाटासकट.

जोडीदार मंद असेल तर तो आहे हे कळतं कसं?

तीन-चार खुणा आहेत.

पहिली वर्णपटातली. उपबटू आपल्याकडे येताना त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. दुसऱ्याचा उजेड एक कणही मिळाला नाही तरी चालतं. कुत्रा दिसत नसला तरी साखळी धरलेला माणूस कसा ओढला जातोय हे दिसतं, तसं.

दुसरी खूण तांबड्या आणि तपकिरी जोडीदारांची. ते इतके जवळ असतात की चंद्रासारखी एकच बाजू कायम उपबटूकडे ठेवतात. त्या बाजूवर तीस हजार अंशांच्या ताऱ्याचा अतिनील मारा अखंड चालू. ती बाजू हजारो अंशांनी जास्त तापते, पाठ मात्र गार राहते. फिरताना कधी तापलेली बाजू आपल्यासमोर येते, कधी गार बाजू, आणि जोडीचा एकूण उजेड संथपणे वरखाली होतो. याला परावर्तन परिणाम म्हणतात. नाव फसवं आहे, कारण आरशासारखं परावर्तन इथे नाहीच. तव्याची खालची बाजू लाल व्हावी तसा प्रकार आहे.

तिसरी खूण श्वेतबटूंची. लहान पण जड श्वेतबटू उपबटूला ओढून थेंबासारखा लांबट करतो. लांबट तारा आडवा दिसतो तेव्हा जास्त उजेड, टोकाकडून दिसतो तेव्हा कमी. एका फेरीत दोनदा चढ, दोनदा उतार. केपलर आणि २०१८ मध्ये उडालेली टेस या अवकाश दुर्बिणींनी हे चढउतार इतके बारकाईने टिपले, की आपल्याकडे येणारा तारा किंचित जास्त उजळ दिसतो हा सापेक्षतेचा सूक्ष्म परिणामसुद्धा मोजता आला.

आणि चौथी खूण ग्रहण. नशीब असेल तर.

हे पुण्यातून बघता येईल का? कोथरूडच्या गच्चीवरून?

येईल, आणि मी आग्रहाने सांगतो की करून बघा.

एचडब्ल्यू व्हर्जिनिस साधारण १०.५ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका). डोळ्यांना अशक्य, पण सहा इंची दुर्बीण आणि तिच्यामागे साधा कॅमेरा असेल तर शहरातल्या उजेडातही पकडता येतो. मार्चअखेर ते मे हा आपला हंगाम. चित्रा नक्षत्राचा तारा सापडला की त्याच्या पश्चिमेला, सोम्ब्रेरो दीर्घिकेच्या तीनेक अंश उत्तरेला शोधा. पुण्यातून तो दक्षिणेकडे क्षितिजापासून ६३ अंश वर येतो, म्हणजे धुरळ्याच्या थराच्या बऱ्यापैकी वर. तीस-चाळीस सेकंदांची छायाचित्रं ओळीने घेत राहायची आणि त्याच चौकटीतल्या एका स्थिर ताऱ्याशी त्याचा उजेड ताडून बघायचा. मुख्य ग्रहणात उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो आणि परत चढतो. जेवण करून गच्चीवर गेलात तर झोपायच्या आत एक अख्खी फेरी हाती येते. फार थोड्या ग्रहणकारी ताऱ्यांची एवढी सोय असते. अलगोलसाठी जवळपास तीन दिवस थांबावं लागतं.

वेळापत्रकाचं एक गणित उपयोगी पडेल. फेरीचा काळ २ तास ४८ मिनिटं ४.६ सेकंद. त्यामुळे आज रात्री ९ वाजता ग्रहण झालं असेल तर उद्या संध्याकाळी ७ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास एक सापडेल आणि पुढचं रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आसपास.

एक सूचना. नोंदलेली वेळ सूर्यमालेच्या केंद्राला अनुसरून दुरुस्त करायला विसरू नका. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात ग्रहणाची बातमी आपल्याला आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचू शकते. पहिल्या वर्षी मी हे विसरलो होतो आणि आपण काहीतरी शोध लावला या आनंदात दोन आठवडे काढले.

गिरवलीची दुर्बीण, खोडदचं जीएमआरटी, यांचा इथे काय उपयोग?

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दुर्बीण दोन मीटरची आहे, २००६ पासून चालू. तिच्यावर वर्णपट घेण्याचं उपकरण आहे आणि उष्ण उपबटूंचा मागोवा घ्यायला असा वर्णपटच लागतो. खोडदच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना रेडिओ लहरी ऐकतात. आणि रेडिओत हे तारे जवळपास मुके.

यांचा खरा उजेड अतिनील. २०१५ मध्ये उडालेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटवर अतिनील दुर्बीण आहे. तिने गोलाकार गुच्छांची छायाचित्रं घेतली तेव्हा नेहमीच्या प्रकाशात गुच्छभर मिरवणारे तांबडे राक्षस फिके पडले आणि हे सोललेले तारे हिऱ्यांसारखे उठून दिसले. अतिनीलचं एक जुनं कोडंही यांच्याशी जोडलेलं आहे. १९६८ च्या डिसेंबरात सोडलेल्या ओएओ-२ या उपग्रहाला देवयानी दीर्घिकेच्या म्हाताऱ्या मध्यभागातून अनपेक्षित अतिनील उजेड येताना दिसला. तरुण निळे तारे तिथे नाहीत, मग उजेड कुणाचा? आज बहुतेकांचं बोट याच ताऱ्यांकडे जातं.

यांचा शोध कुणी लावला?

१९४७ मध्ये मिल्टन ह्युमसन आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी पालोमारच्या छोट्या श्मिट दुर्बिणीने फिके निळे तारे शोधायला सुरुवात केली, त्यात हे पहिल्यांदा नजरेत भरले. ह्युमसन मुळात माउंट विल्सनच्या डोंगरावर खेचरं हाकणारा. मग वेधशाळेत झाडलोट करणारा, मग रात्रीचा मदतनीस, आणि शेवटी खगोलशास्त्रज्ञ. पदवीचा प्रश्न कुणी काढला की मी ही गोष्ट सांगतो. हे तारे म्हणजे हेलियम जाळणारे उघडे गाभे, हे पक्कं व्हायला मात्र १९८० चं दशक उजाडावं लागलं. २०२२ च्या यादीत ६,६१६ ओळखलेले उष्ण उपबटू आहेत आणि गाया यानाच्या मोजमापांवरून काढलेले ६१,५८५ उमेदवार रांगेत आहेत.

अशा जोड्यांभोवती ग्रह असतात का?

दावे बरेच झाले. टिकले थोडे, आणि खरं तर निर्विवाद टिकला असा एकही मला सांगता येणार नाही.

ग्रहणं हे घड्याळ आहे. जोडीभोवती एखादा ग्रह फिरत असेल तर जोडी स्वतः थोडी पुढेमागे झुलेल आणि ग्रहणं काही वर्षं लवकर, काही वर्षं उशिरा येतील. वर पृथ्वीच्या आठ मिनिटांचा घोळ सांगितला, तसाच हा, फक्त हलणारं टोक पलीकडचं. २००९ मध्ये एचडब्ल्यू व्हर्जिनिसभोवती दोन सोबती असल्याचा दावा याच पद्धतीने झाला. पुढची ग्रहणं त्या भाकितानुसार येईनात. नवे आकडे, नवी कक्षा, पुन्हा चूक. काहींच्या मते तांबड्या जोडीदाराच्या चुंबकीय चक्रामुळे फेरीचा काळच किंचित बदलत असावा.

स्पंदनांवरून झालेले दावेही असेच अडखळले. २००७ मध्ये व्ही३९१ पेगासीभोवती गुरूच्या तिप्पट ग्रह सापडल्याचं जाहीर झालं, २०११ मध्ये केपलरच्या आकड्यांवरून एका उपबटूला सहा-आठ तासांत फेरी मारणाऱ्या दोन भाजलेल्या ग्रहांची बातमी आली. दोन्हींवर नंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या. वर्तमानपत्रांत पहिली बातमी मोठी येते, दुसरी येत नाही.

स्पंदनं? म्हणजे हे तारे धडधडतात?

काही धडधडतात, दोन ते दहा मिनिटांच्या ठेक्यात. काहींची लय संथ, तास-दोन तासांची. मौज अशी की माँट्रियलच्या गटाने कागदावर गणित मांडून १९९६ मध्ये हे भाकीत केलं आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या निरीक्षकांना ते तारे स्वतंत्रपणे सापडलेही. कारण लोखंड. पृष्ठभागाखाली एका थरात लोखंडाचे अणू साठतात, उजेड अडवतात आणि झाकणासारखे वरखाली होतात. भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीचं पोट कळतं, तसं या स्पंदनांवरून ताऱ्याचं.

मग यांच्यात सोनंही असेल?

हा प्रश्न लक्ष्मी रोडवर दागिन्यांचं दुकान असलेल्या एका काकांचा. सोन्याचं माहीत नाही काका, पण शिसं आहे. काही हेलियमबहुल उपबटूंच्या पृष्ठभागावर सूर्याच्या दहा हजार पट शिसं सापडलं आहे, एकावर तितकंच झिर्कोनियम. तारा काही शिशाचा नसतो. जबर गुरुत्वात काही मूलद्रव्यं बुडतात आणि उजेडाच्या रेट्याने काही वर तरंगतात. दुधावर साय धरते तेवढाच तो थर.

यांतला एखादा फुटणार आहे का?

उपबटू सहसा फुटत नाही. दहा कोटी वर्षांच्या आसपास हेलियम जाळून तो गुपचूप श्वेतबटू होतो. पण शेजारी आधीच जड श्वेतबटू असेल तर प्रकरण वेगळं.

एचडी २६५४३५ या जोडीची फेरी ९९ मिनिटांची. उपबटू ०.६३ आणि श्वेतबटू १.०१, बेरीज सुमारे १.६५ सूर्यवस्तुमान. श्वेतबटूच्या वस्तुमानाला चंद्रशेखर यांनी घालून दिलेली १.४ ची मर्यादा यात ओलांडली जाते. गुरुत्व लहरींतून ऊर्जा झिरपत साधारण सात कोटी वर्षांत हे दोघे एकमेकांत मिसळतील आणि ‘वन-ए’ जातीचा अतिनवतारा, म्हणजे श्वेतबटूच्या चिंधड्या उडवणारा स्फोट, होईल, असं २०२१ मध्ये मांडलं गेलं.

सीडी −३० ११२२३ मध्ये मर्यादा ओलांडायचीही गरज नाही. फेरी ७०.५ मिनिटांची. उपबटूचं हेलियम श्वेतबटूवर साचत जाईल, एके दिवशी तो थर भडकेल आणि त्या धक्क्याने आतला कार्बनचा गाभा पेटेल. आधी लवंगी, मग सुतळी बॉम्ब. झेडटीएफ जे२१३०+४४२० मध्ये तर ३९ मिनिटांच्या फेरीत उपबटूचं द्रव्य श्वेतबटूवर ओघळायला सुरुवातही झाली आहे.

स्फोटानंतर उरलेल्या उपबटूचं काय होतं त्याचा नमुना बहुधा यूएस ७०८. सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगाने तो आकाशगंगा सोडून निघाला आहे. जोडीदार फुटला, बंध तुटला, आणि ज्या वेगाने फिरत होता त्याच वेगाने सरळ सुटला, गोफणीतल्या दगडासारखा.

हिंगोलीला उभ्या राहत असलेल्या लायगोला, म्हणजे गुरुत्व लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, या जोड्या ऐकू येतील?

नाही. लायगोचे कान सेकंदाला दहा-वीस कंपनांच्या वरचं ऐकतात. ३९ मिनिटांच्या जोडीची गुरुत्व लहर साधारण वीस मिनिटांत एकदा हेलकावते. त्याला अवकाशात लाखो किलोमीटर लांबीचे बाहू लागतात. युरोपच्या लिसा मोहिमेला जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, उड्डाण २०३५ च्या आसपास. सीडी −३० ११२२३ तिच्या ओळखीच्या खुणांच्या यादीत आहे : तिचा सूर कसा असायला हवा हे आधीच माहीत आहे, तो आला की यंत्र नीट चालतंय असं समजायचं.

यांचा पत्रिकेवर काही परिणाम?

नाही.

माझ्याकडे फक्त द्विनेत्री आहे. काही दिसेल?

एक दिसेल. जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला अगस्त्य शोधा. त्याच्या ईशान्येला सुमारे नऊ अंशांवर, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या मुठीएवढ्या अंतरावर, ८.३ प्रतीचा एचडी ४९७९८ आहे. पुण्यातून तो जेमतेम २७ अंश वर येतो, तेव्हा शहराचा उजेड उत्तरेला राहील अशी भोरकडची एखादी जागा बघा आणि नकाशा सोबत ठेवा.

हा ‘ओ’ वर्गाचा उपबटू, नेहमीच्या मानाने बराच जड, दीड सूर्यवस्तुमानाजवळचा. दर १.५५ दिवसांनी त्याच्याभोवती जो फिरतो तो कधीच दिसलेला नाही. फक्त क्ष-किरणांची उघडझाप येते, दर १३.२ सेकंदांनी. वस्तुमान सूर्याच्या सव्वापट. श्वेतबटू म्हणावा तर फारच भारी आणि वेगाने गिरक्या घेणारा, न्यूट्रॉन तारा म्हणावा तर इतर काही गोष्टी जुळत नाहीत. वर म्हटलेला संशयित तो हाच.

द्विनेत्री हातात थरथरते, म्हणून कारच्या टपावर कोपर टेकवा. ठिपका स्थिर होऊन तुमची खात्री पटेपर्यंत त्या न दिसणाऱ्याच्या दोन-तीन गिरक्या झालेल्या असतील.